फळाआधीची ओळख

यंदाच्या माघातली गोष्ट. सकाळच्या फेरीला रायलादेवी तलावावरून निघून वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्याने येत होतो. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणाला लागून नऊ झाडे आहेत. प्रत्येकाच्या बुंध्याला सुतळीने एकेक कागद बांधलेला दिसला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता, म्हणजे दवापासून त्याचे रक्षण व्हावे याची काळजी कोणीतरी घेतली होती. झाडांच्या रक्षणाचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. नव्या बांधकामाला अडथळा होत असल्याने सदर झाडे तोडण्याचा प्रस्ताव आहे, हरकती असल्यास मुदतीत कळवाव्यात, अशी ती नोटीस होती. खाली झाडांची यादी : गुलमोहर, गुलमोहर, सुबाभूळ, आंबा, 'इतर', 'इतर', 'जंगली', सोनमोहोर आणि पुन्हा 'इतर'.

नोटिशीपुढे कॉलेजातली वाटावीत अशी दोन मुले आणि एक मुलगी उभी होती. यादीचा फोटो काढून झाला होता. हरकत घ्यायची त्यांची तयारी होती. पण नेमकी कशाबद्दल घ्यायची, हे त्यांना कळत नव्हते. मुलीने मला थांबवले.

"काका, हे सात नंबरचं 'जंगली' म्हणजे कसलं झाड हो?"

मी बुंध्याकडे पाहिले, वर पाहिले, खाली पडलेले एक पान उचलून चुरगाळले. म्हटले, "जांभूळ."

"कशावरून? जांभळं कुठायत?"

प्रश्न रास्त होता. माघात जांभळे नसतात. जांभळाचा फुलोराही नसतो. तो यायला अजून महिना-सव्वा महिना होता. "जांभळं नसतात तेव्हाही ते जांभळाचंच झाड असतं," असे मी म्हणालो खरा, पण घरी पोहोचेपर्यंत तो प्रश्न मनात घोळत राहिला. त्याचे कारण असे की, हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी याच वागळे इस्टेटमध्ये मी स्वतः एका माणसाला विचारला होता. त्याने मला नीट उत्तर दिले होते. ते उत्तर मी शिकलो, आणि शिकूनही त्याचा वेळेवर उपयोग केला नाही. आज ते सारे सांगून टाकावेसे वाटते.

वागळे इस्टेट म्हटले की आजच्या पिढीला पासपोर्टचे कार्यालय आठवते, किंवा काचेच्या इमारतींतल्या आयटी कंपन्या. आमच्या पिढीला आठवतो तो भोंगा. १९६२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कामाचा श्रीगणेशा झाला तो इथे. पुढे राज्यभर 'एमआयडीसी' नावाचे जे जग उभे राहिले त्याचे हे मूळ गाव. इथल्या रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत : रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८. ज्या वसाहतीत रस्त्यांनाच नाव मिळाले नाही तिथे झाडांना कोण विचारतो, असे कोणी म्हणाले तर त्याला काय सांगावे?

तरीही झाडे होती. भराभर वाढणारी आणि सावली देणारी म्हणून लावलेली गुलमोहर, सोनमोहोर, सुबाभूळ, वर्षावृक्ष ही सरकारी थाटाची झाडे रस्त्याच्या कडेला होती. फळझाडे मात्र बहुतेक आपसूक आलेली. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार दुपारच्या सुट्टीत कुंपणाशी बसून डबा खाई. उन्हाळ्यात डब्यात आंबा असे. बाठ कुंपणाकडे भिरकावली जाई. हात धुवायच्या नळाशी पाणी वाहतच असे. जांभळाच्या बिया पाखरांनी आणि वटवाघळांनी आणल्या. पेरू कोणीतरी हौसेने लावलेला. फणस तर एखाद्या फोरमनने गावाहून रोप आणून लावल्याशिवाय यायचाच नाही. अशी ही कामगारांची झाडे. कंपनीच्या हिशेबात ती कुठेच नव्हती.

बँकेच्या हिशेबात ती एकदा आली, आणि ती नोंद माझ्या हातची आहे.

१९९१ साली माझी बदली इथल्या शाखेत झाली. तो आजारी उद्योगांचा काळ होता. रोज एखाद्या कारखान्याचे खाते थकत असे आणि आम्ही तारण मालाची मोजदाद करायला निघत असू. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका बंद कारखान्याची यादी करायचे काम माझ्याकडे आले. कारखान्याचे नाव सांगत नाही. मालक, बँक, घेणारा, कोणाचेच सांगत नाही. माझी स्वतःची सही तेवढी सांगतो. लेथ मशीन ३, पॉवर प्रेस २, छताचे पंखे १४, लाकडी टेबले ६ असे लिहीत आम्ही अंगणात आलो. बरोबरच्या कारकुनाने विचारले, "साहेब, झाडं लिहायची का?" पावसाची सर येत होती. मी म्हटले, "लिहा. किरकोळ झाडे, नग ११."

कारखान्याचा रखवालदार छत्री धरून उभा होता. मुरबाडकडचा, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे. आठ महिने त्याचा पगार थकला होता, तरी तो कुलूप सोडून गेला नव्हता. तो म्हणाला, "किरकोळ न्हाईत साहेब. आंबे तीन, जांभळी दोन, पेरू दोन, फणस एक, चिंच एक, विलायती चिंच एक, आवळा एक. मोजा, अकराच भरतील."

"कशावरून, मामा?" मी हसून विचारले. "पेरू सोडला तर एकावर तरी फळ आहे का?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "साहेब, बँकेतलं गिऱ्हाईक तुम्ही पैसे भरायला आलं तरच वळखता व्हय? रस्त्यात भेटलं तरी वळखताच ना?"

यावर मी काय बोलणार? आम्ही बँकवाले माणूस सहीवरून ओळखतो. नमुना सहीचे कार्ड काढायचे, चेकवरची सही ताडून पाहायची. सही सुंदर असण्याची गरज नसते. ती त्याची असण्याची गरज असते. मामांनी त्या दिवशी पावसाच्या उघडिपीत मला झाडांची नमुना सही दाखवली. ती म्हणजे साल.

आंब्याची साल गडद, करडी-तपकिरी, जाड. तिला उभ्या चिरा पडतात. कुठेतरी डिंक ओघळून वाळलेला असतो. जांभळाचे तसे नाही. त्याचा बुंधा खाली खडबडीत, खपल्या सुटलेला, ठिकठिकाणी रंग उडालेल्या भिंतीसारखा; पण नजर वर नेली की फांद्या गुळगुळीत आणि फिकट राखाडी होत जातात. जणू धोतर मळलेले आणि सदरा धुतलेला. पेरूला साल धरवतच नाही. तिचे पातळ पापुद्रे सुटतात आणि आत तांबूस-हिरवे गुळगुळीत अंग दिसते. आवळ्याचीही साल खपलीखपलीने सुटते, पण तो पेरूसारखा चकचकीत नसतो, आणि पिसासारख्या बारीक पानांमुळे घोटाळा होत नाही. चिंचेची साल काळपट. उभ्या आणि आडव्या दोन्ही चिरा पडून ती मगरीच्या पाठीसारखी दिसते. विलायती चिंचेच्या फांदीवर काट्यांच्या जोड्या. फणसाची साल खरखरीत, जरा खरवडली की पांढरा चीक, आणि कोवळ्या डहाळीवर बांगड्या भराव्यात तसे गोल वळ.

एवढ्याने भागत नाही, हेही मामांनीच सांगितले. साल वयाप्रमाणे बदलते. दहा वर्षांच्या आंब्याची साल आणि साठ वर्षांच्या आंब्याची साल शेजारी ठेवली तर सख्खी नाती वाटणार नाहीत. (पेन्शनर मंडळींच्या सह्या तरी कुठे जुळतात? हात कापू लागतो, वेलांट्या निसटतात, आणि आम्ही त्यांना ओळखतोच.) म्हणून सालीनंतर पान चुरगाळून वास घ्यायचा. आंब्याच्या पानाला कच्च्या कैरीचा वास येतो, चिंचेचा पाला जिभेवर ठेवला की आंबट लागतो, फणसाचा चीक बोटांना चिकटतो. आणि इतके करूनही शंका राहिली तर काय करायचे? "तर थांबायचं," मामा म्हणाले. "फूल येईल तवा झाड आपलं नाव सांगंल."

मला थांबायला वेळ मिळाला, तो बँकेच्या कारभारामुळे. लिलाव व्हायला सव्वा वर्ष गेले आणि कुलपाचे सील तपासायला दर महिन्याला मला तिथे जावे लागे. त्यामुळे त्या अकरा झाडांचे एक अख्खे वर्ष मी पाहिले.

आपली समजूत अशी की, वसंत आला की मोहोर येतो. कवींनी हे इतके वेळा सांगितले आहे की ते तपासून पाहायचे कोणाला सुचत नाही. आपल्याच घरातला पुरावा पाहा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण काय करतो? आंबेडाळ आणि कैरीचे पन्हे. म्हणजे चैत्रात आंब्याला कैरी असते, मोहोर नव्हे. ठाण्यापासून खाली कोकणपट्टीत आंबा मोहोरतो तो पौष-माघात, ऐन थंडीत. त्या वर्षी जानेवारीत मी गेलो तर तीनही आंबे तुऱ्यांनी भरून गेले होते. एकेका तुऱ्यात शेकड्यांनी बारीक पिवळसर-गुलाबी फुले. त्यातली बहुतेक नर, आणि उरलेल्यांपैकीही थोडीच फळ धरतात. शंभर फुलांमागे एक आंबासुद्धा हाती लागत नाही. कर्जवसुलीचे आमचे आकडे त्या मानाने बरे म्हणायचे.

फणसाला फूल नसते असे पुष्कळ लोक शपथेवर सांगतील. असते. त्याच थंडीत मामांनी मला फणसाच्या कोवळ्या फांद्यांवर करंगळीएवढी बोंडे दाखवली. ती नर, काही दिवसांनी काळी पडून गळतात. मादी फुलोरा खोडावर आणि जाड फांद्यांवर येतो, आणि त्याचीच पुढे कुयरी होते. आपण कुयरीची भाजी खातो आणि फूल पाहिले नाही म्हणतो. विलायती चिंचेवर त्याच सुमाराला पांढरट गोंड्यांचे झुबके होते.

फाल्गुनाच्या अखेरीस जांभळी फुलल्या. जांभळाचे फूल पाहायला झाडाकडे बघावे लागत नाही, जमिनीकडे बघावे लागते. पाकळ्यांचे टोपण गळून पडते, मागोमाग केसर झडतात, आणि झाडाखाली पांढरट भुसा सांडल्यासारखा होतो. वर मधमाश्यांचा असा घुमारा की बंद कारखान्यात कोणीतरी मोटर चालू ठेवली आहे असे वाटावे. आवळ्याची हिरवट-पिवळी फुले बारक्या डहाळ्यांना चिकटून येतात, शोधल्याशिवाय दिसत नाहीत. आणि त्याची एक नवलाई अशी की, फूल वसंतात येते, पण धरलेले फळ सारा उन्हाळा तिळाएवढे होऊन झोपून राहते आणि पावसाळ्यात वाढीला लागते. चिंच सर्वांत शेवटी : वैशाख-ज्येष्ठात, पिवळ्या पाकळ्यांवर तांबड्या रेषा असलेली तिची फुले आली. बोरीचे झाड तिथे नव्हते. असते तर त्याच्या फुलासाठी भाद्रपद-आश्विनापर्यंत थांबावे लागले असते. वसंत हा एका तारखेला उघडणारा दरवाजा नाही. प्रत्येक झाडाचा वसंत निराळा असतो.

त्या उन्हाळ्यात मामा गेटाशी फडके पसरून कैऱ्या आणि नंतर जांभळे विकत बसत. कामगार रुग्णालयात येणारी-जाणारी माणसे घेत. थकलेल्या पगाराच्या जागी त्यांना तेवढाच आधार होता. मी ज्याला 'किरकोळ' लिहिले ते त्या माणसाचे त्या वर्षाचे उत्पन्न होते.

यादी माझ्या टेबलाच्या खणात होती. अकराही झाडांची नावे मला आता पाठ होती. दुरुस्तीचा एक कागद जोडायला पाच मिनिटे लागली असती. मी तो जोडला नाही. आळस म्हणा, साहेबाला काय वाटेल ही भीती म्हणा. लिलावाच्या कागदात झाडांची नावे घालणारा अधिकारी विनोदाचा विषय झाला असता, एवढे मला कळत होते. १९९४ च्या अखेरीस जागा विकली गेली. ताबा द्यायला गेलो तेव्हा झाडे आडवी पडली होती. झाडे तोडण्याच्या अर्जाला आमच्याच यादीची नक्कल जोडली होती, असे पुढे कळले. मामा गेटाबाहेर आपले बोचके घेऊन उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "कागदात काय लिवलं होतं, साहेब?"

मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि ते चेक नाक्याच्या दिशेने चालू लागले. नंतर ते मला भेटले नाहीत.

पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्ण वेळ लिहू लागलो. माझी पहिली कादंबरी परवा पुन्हा चाळली. तिचा नायक तीन ठिकाणी 'एका झाडाखाली' बसतो. कसल्या झाडाखाली, हे तिच्या लेखकाला माहीत नव्हते. त्याच नायकाच्या पँटच्या कापडाचे नाव मात्र मी आवर्जून दिले आहे. मराठी कादंबरीत असे 'एक झाड' शेकड्यांनी सापडेल. नोटिशीतले 'इतर' आणि आमच्या साहित्यातले 'एक झाड' ही सख्खी भावंडे आहेत.

कोणी म्हणेल, झाडाला जांभूळ म्हटले काय आणि जंगली म्हटले काय, तोडायचे ते तोडणारच. तसे नाही. कायदा नाव विचारतो. १९६४ च्या झाडतोड नियमनाच्या कायद्याला झाडांची अनुसूची आहे आणि तीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा ही नावे आहेत. शहरांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आले, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आली, झाडावर नोटीस लावून हरकती मागवणे आले. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी घातल्या. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड हा वारसा मानला गेला. आणि एक झाड तोडले तर त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची, असा हिशेब आला.

आता बँकेतल्या माणसाला हिशेब म्हटला की जाग येते. झाडाचे वय काढायचे कसे? जन्मदाखला नसतो, कापल्याशिवाय आतली वलये दिसत नाहीत. मग बुंध्याचा घेर मोजून अंदाज करतात. पण सुबाभूळ वा गुलमोहर भराभर फुगतो आणि जांभूळ, चिंच सावकाश भरतात. त्याच घेराचे एक झाड पंधरा वर्षांचे असू शकते आणि दुसरे चाळीस वर्षांचे. म्हणजे नाव चुकले की वय चुकते, वय चुकले की भरपाई चुकते, आणि पन्नाशी ओलांडलेले झाड वारशातून परस्पर वगळले जाते. 'इतर' हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. हिशेबाच्या वहीत 'किरकोळ' या सदराखाली काय काय जिरवता येते, हे ज्याने आयुष्यभर वह्या तपासल्या त्याला विचारा.

माझे म्हणणे एकही झाड तोडू नये असे नाही. ज्या कर्जांतून इथले कारखाने उभे राहिले त्यांतल्या काहींवर माझ्या शिफारशी आहेत. पलीकडे किसननगरमध्ये माणसे पिढ्यान् पिढ्या धोकादायक इमारतींत राहत आली. २०२३ साली तिथल्या समूह विकास योजनेचे भूमिपूजन झाले तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो खोटा नव्हता. मेट्रो-४ च्या मार्गातल्या झाडांवरून ठाणेकर २०१९ मध्ये न्यायालयात भांडत होते, आणि त्याच ठाणेकरांना मेट्रोही हवी होती. शहरात राहायचे तर अशी ओढाताण असणारच. माझी मागणी त्याहून लहान आहे. जे तोडायचे त्याचे नाव आधी लिहा. नाव माहीत असूनही तोडायचे ठरले तर निदान तो निर्णय असतो. नाव न लिहिता तोडणे हा नुसता उरकण्याचा प्रकार आहे, आणि तो मी केलेला आहे.

दोष एकट्या कचेऱ्यांचा नाही. आमच्या गृहनिर्माण सोसायट्या घ्या. जांभळाचे डाग गाड्यांवर पडतात, म्हणून जांभूळ छाटा. आंब्याला पोरे दगड मारतात, काचा फुटतात, म्हणून आंबा छाटा. त्या जागी पाम लावा. तो ना फुलतो डोळ्यांत भरेल असा, ना सावली देतो. बाजारात मात्र डहाणू-घोलवडच्या चिकूला, बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून आपण कौतुकाने जादा पैसे मोजतो. फळ आपल्याला हवे आहे, त्याचे झाड नको आहे. गणपतीच्या पत्रीतली एकवीस पाने आमच्या आया-आज्या स्वतः खुडून आणत. बोरीचे कुठले, डाळिंबाचे कुठले, त्यांना सांगावे लागत नसे. आज स्टेशनबाहेर पत्रीची तयार जुडी मिळते. आत काय बांधले आहे ते विकणाऱ्याला माहीत असले तर असते, घेणाऱ्याला नसते.

हे ज्ञान परत मिळवणे अवघड आहे का? मला वाटते, नाही. जपानात क्योतो इथे चेरी कधी बहरली याच्या नोंदी थेट नवव्या शतकापासून सापडतात. फुलांच्या सोहळ्यांविषयी लिहिलेल्या रोजनिशा आज हवामानाच्या अभ्यासकांच्या कामी येतात. आपल्याकडेही 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात शाळकरी मुले आणि हौशी माणसे आंबा, फणस, चिंच अशा झाडांच्या फुलाफळांच्या नोंदी ठेवतात. एका सोसायटीत, एका शाळेत, एका कारखान्यात असतात किती झाडे? वीस, फार तर पन्नास. सेक्रेटरीच्या वहीत महिन्याला एक ओळ लिहायची : आज कोणते झाड फुलले, कोणाला फळ धरले, कोणाची पाने गळाली. वर्षाअखेर ज्या झाडाचे नाव कळले नाही असे झाड उरणार नाही. आणि वृक्षगणना करणाऱ्यांना विनंती आहे की, शंकेचे झाड 'इतर' मध्ये ढकलण्याऐवजी त्यासमोर 'पुन्हा पाहणे' असे लिहा आणि फुलोऱ्याच्या दिवसांत पुन्हा या. बँकेत सही जुळली नाही तर चेक परत जातो. खातेदाराला 'इतर' म्हणून खाते बंद करत नाहीत.

त्या नोटिशीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. दुसऱ्या दिवशी त्या तीन मुलांना घेऊन मी पुन्हा तिथे गेलो. पाच नंबरचे 'इतर' पेरू निघाले. पापुद्रा ओढल्याबरोबर मुलांनाच कळले. सहा नंबरची चिंच. पाला चावल्यावर त्यांची तोंडे वाकडी झाली आणि पुरावा पटला. सात नंबरचे जांभूळ. चारही जणांनी सह्या करून अर्ज दिला, त्याला सालींचे फोटो जोडले. या खेपेला सही करताना माझा हात जरा थांबला, ते मुलांच्या लक्षात आले नसावे.

नऊ नंबर मात्र मला ओळखता आले नाही. सालीला बारीक चिरा, पाने बहुतेक झडलेली, चीक नाही, वास नाही. मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला पण नाही येत?" मी म्हटले, नाही येत. अर्जात आम्ही तसेच लिहिले आहे : 'झाड क्र. ९ ची ओळख पटलेली नाही. फूल येईपर्यंत मुदत मिळावी.'

अशी मुदत देण्याची तरतूद नियमात आहे की नाही, हे त्या कार्यालयाला पाहावे लागेल. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. परवा त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, सात नंबरखाली उभ्या असलेल्या रिक्षेच्या टपावर पांढरट भुसा पडला आहे, आणि वर माश्यांचा आवाज येतो आहे. मी विचारले, नऊचे काय? ती म्हणाली, रोज बघते आहे.